पायमोज्यांतला नाच

डेलिया कॉन्सिडाइन यांचे नाव आज कुणाला ठाऊक असण्याचे कारण नाही. त्यांनी बक्षीस मिळवणारी एकही नर्तकी घडवली नाही. त्यांच्याकडून आम्ही तिघी जे शिकलो, ते चार भिंतींबाहेर कधी दाखवताही आले नाही.

नॉकमोर गावच्या शाळेत त्या आमच्या वर्गाच्या बाई होत्या. गावचे धर्मगुरू फादर लिलिस हेच शाळेचे व्यवस्थापक. त्यांच्या एका पत्राने बाईंची नोकरी गेली असती, आणि त्या नोकरीवर बाई आणि त्यांचे अंथरुणाला खिळलेले वडील जगत होते. परवान्याशिवाय नाच भरवू नये असा कायदा आदल्याच वर्षी झाला होता. घरात नाचणाऱ्या दोन-चार पोरींविषयी त्यात काय लिहिले आहे, ते गावात कुणालाच नीट माहीत नव्हते. फादरांच्या मते स्वयंपाकघरही नाचघरच. त्या हिवाळ्यापर्यंत त्यांनी चर्चमध्ये वेदीवरून दोन घरांची नावे घेऊन त्यांना जाहीर दोष दिला होता. त्यांतले एक कुटुंब बोस्टनला निघून गेले.

तरीही शनिवारी दुपारी बाई आपल्या स्वयंपाकघरात आम्हांला नाच शिकवीत. टाल्टींच्या दोघी बहिणी आणि मी, नोनी, वय वर्षे अकरा. जमिनीच्या फरशा ओबडधोबड, म्हणून जुन्या रीतीप्रमाणे घराचे दार बिजागऱ्यांवरून उतरवून खाली पसरायचे आणि त्यावर नाचायचे. चौकटीत घोंगडी लटकवायची. साथीला फिडलसारखे वाद्य नाही, बाई ओठांतल्या ओठांत चाल गुणगुणत. आमच्या भागातला नाच मुळात ठोक्यांचा; पण टाचांचा आवाज रस्त्यावर जाऊ नये म्हणून आम्ही बूट काढून पायमोज्यांनी नाचायचो. तो ठोका ऐकू येत नसे. मग बाई गुडघे टेकून तळहात दारावर ठेवीत. चूक त्यांच्या हाताला कळे.

"नोनी, शेण तुडवतेयस का गं?"

"आवाज तर येतच नाहीये, बाई."

"मला येतोय. तुझ्या आजीलाही कबरीत येत असेल, बिचारीला."

नोव्हेंबरातल्या एका शनिवारी मोटारीचा आवाज आला. गावात मोटार एकच होती. बाईंनी दाराची एक कड उचलली, टाल्टींच्या थोरलीने दुसरी. दार वेळेत चौकटीपर्यंत पोहोचणार नाही हे दोघींनाही एकदमच कळले.

"ठेव खाली," बाई म्हणाल्या. "बसा त्यावर. धर्माच्या प्रश्नोत्तरीची पुस्तकं काढा."

फादर घोंगडी सारून आत आले.

"दार कुठंय, मिस कॉन्सिडाइन?"

"फुगलं होतं, फादर. तासायला काढलंय."

"आणि पोरी त्यावर उबवायला बसवल्यात."

भिंतीपाशी बुटांचे तीन जोड होते. त्यांनी काठीच्या टोकाने त्यांतला एक पुढे ओढला.

"हे कुणाचे?"

"माझे, फादर," मी म्हणाले.

"मग तूच सांग. या घरात नाच शिकवतात?"

मी बाईंकडे पाहिले नाही. पाहिले असते, तर तेच उत्तर झाले असते.

"नाही, फादर."

"बरं. तुझ्या शब्दावर आज परत जातो. खोटा निघाला, तर सोमवारी शाळेत नवीन बाई येतील."

मोटार गेल्यावर बाईंनी चहा ओतायला घेतला. मला मात्र दुसरीच भीती होती. तासाभरात चर्चमध्ये पापकबुली सुरू होणार होती. खोटे बोलल्याचे लपवून उद्या रविवारच्या मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, ख्रिस्तप्रसाद घेतला, तर नरक. घेतला नाही, तर शेजारी बसलेली आई कारण विचारणार. आणि कबुली ऐकणारे फादर गावात एकच.

"बाई, मला त्यांनाच सांगावं लागेल."

बाईंनी चहाची किटली खाली ठेवली.

"तर सांग. तिथं ऐकलेलं त्यांना कुणापुढं काढता येत नाही. त्यावरून मला काढूनही टाकता येत नाही."

"नक्की?"

"नियम तसा आहे," त्या म्हणाल्या.

रांगेत माझ्यापुढे पाच बायका होत्या. त्या संपूच नयेत असे वाटत होते. माझी पाळी आली, कबुलीच्या खोपटातल्या अंधारात गुडघे टेकले, मधल्या जाळीमागची फळी सरकली.

"मी खोटं बोलले, फादर. एका फादरांशी."

"कशाबद्दल?"

"नाचाबद्दल."

ते उठतील, बाहेर जाऊन मोटार सुरू करतील, या कल्पनेने मी लाकडी कठडा घट्ट धरला.

"तू तिथं पुन्हा पाऊल ठेवणार नाहीस," अखेर ते म्हणाले. "वचन देशील तरच पापमुक्ती."

हॉर्नपाइप नाचाचा दुसरा तुकडा मला त्याच दिवशी जमला होता.

"देते, फादर."

सोमवारी दहा वाजता ते शाळेत आले. वर्गाच्या दारात उभे राहून त्यांनी बाईंकडे पाहिले, मग माझ्याकडे. छत गळते का, एवढेच विचारले आणि निघून गेले. मधल्या सुट्टीत बाईंनी मला थांबवले.

"शनिवारी?"

"येणार नाही, बाई. वचन दिलंय."

त्यांनी मान हलवली. सुटकेचा मागमूस चेहऱ्यावर नव्हता. अंगणात टाल्टींची धाकटी दोरीवर उड्या मारीत होती. बाई तिच्याकडे पाहत राहिल्या.

"तुला विचारलं म्हणून निभावलं," त्या हळूच म्हणाल्या. "हिला खोटं बोलता येत नाही."

तरी शनिवारी त्यांनी टाल्टींच्या दोघींना नाच शिकायला बोलावलेच.