लोखंडे मॅडमच्या पेशी

आमच्या चाकणच्या लॅबमध्ये पेशींपेक्षा किस्से जास्त वाढतात. पेशींना निदान वेळेवर खायला घालावं लागतं, किस्से उपाशीपोटीही वाढतात!

आम्ही औषधासाठी अँटीबॉडी बनवतो. म्हणजे बनवतात पेशी, आम्ही त्यांची उठाठेव करतो. आमच्या बॉस लोखंडे मॅडमनी कित्येक वर्षं घासून पेशींचा एकच वाण निवडला होता. तो गेला की प्रोजेक्ट बंद आणि आम्ही सगळे घरी.

*

एकदा मॅडम काळेवाडीहून शेअर रिक्षात बसून मला फोनवर सांगत होत्या, "निम्मी मेली? मरू दे. उरलेल्यांना खायला घाल, मी येतेच."

शेजारची बाई पुढच्याच सिग्नलला उतरली. रिक्षावाल्याने म्हणे पैसेसुद्धा लांबूनच घेतले.

*

आंबवलेल्या पिठातलं यीस्ट कपड्यांवरून लॅबमध्ये आलं की पेशींची वाट लागते. म्हणून घरी इडली असेल त्या दिवशी आत पाय ठेवायचा नाही, हा मॅडमचा नियम. आमच्या सायलीचं नवीन लग्न झालेलं. तिने पिंपळे सौदागरच्या सासूबाईंना सांगितलं, कंपनीत इडली चालत नाही. सासूबाईंनी प्रेमाने रात्रभर पीठ आंबवून मॅडमसाठी ढोकळा पाठवला!

मॅडमनी तो दारातच उभ्याने संपवला आणि नियमाप्रमाणे दिवसभर बाहेर बसून राहिल्या.

*

पण दसऱ्याचा किस्सा म्हणजे कळस होता राव.

आपल्याकडे दसऱ्याला मशीनला हळदकुंकू लावल्याशिवाय कुणाला चैन पडत नाही. मेंटेनन्सचे गाडे मामा झेंडू घेऊन लॅबच्या दारात हजर. मॅडम आडव्या आल्या. शेवटी तोडगा निघाला: पेशी वाढतात त्या उबदार कपाटाचा, म्हणजे इनक्युबेटरचा, बाहेरून फोटो काढायचा आणि पूजा फोटोची करायची. मामांनी काचेतून फोटो काढला, छापून बाहेरच्या भिंतीवर लावला, हार घातला, नारळ फोडला. मॅडम म्हणाल्या, झालं समाधान? आता कामाला लागा.

दिवाळीच्या सुट्टीत इनक्युबेटर बंद पडला. आम्ही येऊन बघतो तर सगळ्या पेशी मेलेल्या. मला तर रडूच फुटलं. उरली होती फक्त नायट्रोजनच्या टाकीत गोठवून ठेवलेली एक कुपी, आणि तिचाही भरवसा नव्हता. ती वितळवली, जपून वाढवली. मग एका सकाळी सायली मायक्रोस्कोपवरून मान न उचलता म्हणाली, "मॅडम, जिवंत आहेत."

पेढे वाटताना मॅडमचं लक्ष भिंतीवरच्या त्या फोटोकडे गेलं. फोटोत इनक्युबेटर नव्हताच, नायट्रोजनची टाकी होती.

"मामा, मी इनक्युबेटर सांगितला होता ना?"

"व्हय, पण आमाला काय ठावं कुठला? ह्यातनं वाफा निघत हुत्या. म्हटलं, हाच."

मॅडमनी हातातला पेढा मामांना दिला.

यंदा दसऱ्याच्या आदल्या दिवशी त्यांनी स्वतःच मामांना बोलावून घेतलं.

"काच नीट पुसून घ्या. सगळ्या मशीन फोटोत आल्या पाहिजेत."