कुडाला दोन माणसं लागतात

ओल्या सिमेंटचा वास मला एरवी आवडतो. आज रविवारी सकाळी चहाचा कप घेऊन मागच्या दारात आले आणि तोच वास नाकात शिरला, तेव्हा मात्र डोकं फिरलं. परसात खड्डे खणलेले, खडी-वाळूचा ढीग पडलेला, मी उठायच्या आत दोन खांब रोवूनही झालेले. काल संध्याकाळपर्यंत जिथं कमरेएवढं मेंदीचं कुंपण होतं, तिथं उपटलेल्या मुळांचा नुसता भारा. रविवार आला की आमच्या यजमानांना घर सुधारायची हुक्की येते. मोबाइलवर कोणी परदेशी गृहस्थ हातमोजे घालून आपलं अंगण सजवत असतो, आणि त्याची शिक्षा कळंबमध्ये मी भोगते. आधी यांनी अंगणात पेव्हर ब्लॉक बसवले. मे महिन्यात त्यावर चपलेशिवाय पाय ठेवायची सोय राहिली नाही. मग हिरवं प्लॅस्टिकचं गवत अंथरलं. शेजारची शेळी येऊन ते एकदा हुंगून गेली आणि जाताना माझ्याकडं अशी बघत गेली, की मलाच ओशाळल्यासारखं झालं. त्या गवतावर लेंड्या पडतात म्हणून आता ही भिंत. खाचा असलेले खांब आज रोवायचे आणि पुढच्या रविवारी त्यांत सिमेंटच्या तयार फळ्या वरून सरकवायच्या. उंची सहा फूट. मला विचारलं नाही, शेजारी विचारलं नाही. मी बोलले तर म्हणाले, आपल्याच हद्दीत तर आहे, त्यात विचारायचं काय?

राग आला की मला माहेर आठवतं, ही माझी जुनी खोड. आमचं गाव बेंबळीच्या बाजूला. तूर झोडून झाली की शेतातून तुराट्यांचे भारे घरी यायचे आणि त्यांचा तो कोरडा, उन्हात तापलेला, किंचित तुरट वास आठवडाभर घरादारात भरून राहायचा. आमच्या आणि शेजारच्या अंगणांच्या मध्ये तुराट्यांचा कुड होता. वर्षभरात पावसानं, वाळवीनं आणि जनावरांच्या शिंगांनी तो पार झिजायचा, म्हणून दर वर्षी नवा बांधायचा. हातभर खोल चर खणून त्यात तुराट्या दाटीनं उभ्या करायच्या, दोन्ही अंगांनी आडव्या काठ्या लावायच्या आणि अंबाडीच्या दोरीनं सगळं शिवून काढायचं. शिवायला बाभळीच्या लाकडाचं लांब दाभण असे. वडील आमच्या बाजूनं दाभण खुपसायचे, पलीकडून शेजारचे काका ते ओढून घ्यायचे, दोरी आवळायचे आणि वीतभर अंतरावरून परत आमच्याकडं पाठवायचे. हे काम एकट्याला जमतच नाही, तुम्ही कितीही पैसेवाले असा की कितीही हुशार. शेजाऱ्यापासून आडोसा हवा असेल तर आधी त्याच शेजाऱ्याला हाक मारावी लागे.

एका वर्षी काकांनी बांधावरची बाभूळ न विचारता तोडली आणि दोन्ही घरांत अबोला धरला गेला. चांगला दोन वर्षं टिकला. हळदीकुंकू बंद, विरजण मागणं बंद, आम्हा पोरींना तिकडं फिरकायची बंदी. पण तूर निघाली आणि एका सकाळी काका आपल्या बाजूला येऊन उभे राहिले. वडीलही मुकाट्यानं दाभण घेऊन गेले. एरवी "ओढ रं" म्हणणारे वडील त्या दिवशी "ओढा" म्हणत होते आणि काकाही तितक्याच मानानं "घ्या" म्हणत होते. दिवसभर एवढे दोनच शब्द. आई चुलीपाशी तोंडाला पदर लावून हसत होती. पण बांधलेला कुड असा घट्ट होता, की त्यातून बोट जाईना. भांडणाच्या वर्षीसुद्धा शेजारी लागतो, हे त्या माणसांना कुणी शिकवलं नव्हतं. आणि आमचे हे पदवीधर, यांना ते सांगायचं तरी कसं?

आता जे घडलं ते सांगते. आमच्या शेजारी एक मावशी राहतात. त्यांचं घराणं मेंढरं राखणाऱ्यांचं, आता तीन शेळ्या उरल्यात. शाळेत जाण्याआधी रोज सकाळी मी मेंदीच्या अलीकडं आणि त्या पलीकडं अशा आम्ही पंधरा-वीस मिनिटं उभ्या असतो. त्यांच्या सुनेचं बाळ दोनदा राहिलं नाही, हे त्यांनी गावात कुणाला कळू दिलेलं नाही, पण मला सांगितलंय. माझ्या मुलीनं सासरहून फोनवर "आई, मी परत येऊ का?" असं विचारलं, तेव्हा मी ते यांच्याआधी मावशींना सांगितलं होतं. यांना वाटतं, आम्ही भाजीपाल्याचं बोलतो.

आज तिसरा खांब रोवताना हे आमच्या बाजूनं ओळंबा धरून बघत होते, आणि खांब कलत होता पलीकडं. मला ते दिसत होतं. रागाच्या भरात मी बोलले नाही, कलू दे म्हटलं. तेवढ्यात मावशी शेळ्या बांधून आल्या, पदर खोचला आणि दोन्ही हातांनी खांब धरून उभ्या राहिल्या.

"ह्यो माझ्याकडं कलतोय, साहेब. मी धरते, तुमी खडी कोंबा."

मग चौथा, मग पाचवा. पुढचे सगळे खांब त्यांनी पलीकडून धरले. ज्या भिंतीनं त्यांना बाहेर ठेवायचं, ती सरळ उभी राहावी म्हणून ही बाई ऊन अंगावर घेत होती, आणि हे अगदी खुशीत, "मावशी, जरा डावीकडं" म्हणत होते. मी चहा केला. कप द्यायला गेले तेव्हा त्या खांबाकडं मान वर करून बघत होत्या.

"लई उंच हाय व्हय, बाई?"

मी म्हटलं, सहा फूट. त्यांनी चहा संपवला, कप माझ्या हातात दिला.

"मंग आता मोठ्यानं बोलावं लागंल."

एवढंच. तक्रार नाही, रुसवा नाही. यांनी ते ऐकलं आणि हसले. मला हसू आलं नाही. मोठ्यानं बोलायची मला सवय आहे, अख्खी नोकरी पोरांच्या गोंगाटावर आवाज चढवण्यात गेली. यांनी मला एकदा विचारलं असतं, तर मीही एकदाच सांगितलं असतं, की मावशी आणि मी इतकी वर्षं जे बोलत आलो, त्यातलं काहीच मोठ्यानं बोलण्यासारखं नव्हतं.