अर्जाची घडी उत्तम होती

नाशकात त्या काळी नोकरी न मिळालेला असा एकही माणूस नव्हता, ज्याच्या खिशात आमच्या हेडक्लार्कांचं पत्र नव्हतं. नोकरी मिळालेल्यांकडे ते ढुंकून पाहत नसत. "त्यांना पगार आहे, त्यांना माझी काय गरज? ज्याला नाही म्हणायचं, त्याच्याशी दोन शब्द बोलायला नकोत?" असं म्हणायचे, आणि त्यांचे दोन शब्द म्हणजे फुलस्केपचे चार कागद असायचे.

साल तेहतीस-चौतीस. मंदी अशी की बी. ए. झालेला तरुण रस्त्यात दिसला तर लोक प्रेतयात्रेला देतात तशी वाट देत. मेनरोडवरच्या आमच्या विम्याच्या कचेरीत कारकुनाची एक जागा निघाली की अर्जांचा ढीग एवढा व्हायचा, की छताची जळमटं काढायला शिपाई शिडी न घेता त्या ढिगावरच चढायचा. मी हे डोळ्यांनी पाहिलेलं नाही, पण शिपाई स्वतः सांगायचा, आणि तो माझ्याइतकाच सत्यवचनी होता. इतर कचेऱ्यांतून 'जागा भरली आहे' असं छापील कार्ड जाई, बहुतेक वेळा तेही नाही. आमचे हेडक्लार्क मात्र एकेका नापसंत उमेदवाराला स्वतःच्या हाताने लिहीत. पत्राचे तीन भाग ठरलेले: कागद, माणूस आणि पुढे काय. 'कागद'मध्ये अर्जातले दोष. 'माणूस'मध्ये मुलाखतीतले. "आपण 'बसा' म्हणण्यापूर्वी बसलात, हे क्षम्य आहे. 'बसा' म्हटल्यावर उभे राहिलात, याचा उलगडा होत नाही." एका उमेदवाराने हेडमास्तरांपासून तालमीतल्या वस्तादापर्यंत अकरा जणांचे दाखले जोडले होते. त्याला लिहिलं, "आपल्याविषयी अकरा जण बोलले. बारावे आपण होता, ते गप्प का बसलात?" आणि 'पुढे काय' हा भाग सर्वांत लांब. कुठल्या गावी कुठली जागा निघणार आहे, तिथला साहेब चिडका आहे की नुसताच बहिरा, मुलाखतीला जाताना पोटात काय असावं आणि पायात काय असावं, सगळं.

मला हे ठाऊक आहे कारण पहिल्या वर्षी मीही नापसंतच होतो. माझ्या पत्रात 'माणूस' या सदरात एवढंच होतं: "आपण स्वतःविषयी पाच गोष्टी सांगितल्या. पैकी चार खोट्या होत्या, त्या रंगल्या. पाचवी खरी होती, ती मात्र आपण चाचरत सांगितली. खरं सांगण्याचा सराव करावा." मी तरातरा भांडायला गेलो. त्यांनी मला चहा पाजला, भांडणाचे मुद्दे नीट लावून दिले, आणि पुढल्या वर्षी त्याच खुर्चीशेजारी मला नोकरी लागली. सराव अजून चालू आहे.

दिसायला ते उंच, वाळलेले, आणि कोटाची बटणं रोज एक घर चुकलेली. अख्ख्या जिल्ह्याच्या चुका काढणाऱ्या या माणसाला 'साहेब, बटण' एवढं सांगणारं घरी कोणी नव्हतं आणि कचेरीत कोणाची छाती नव्हती. ते एकटे राहत. कोट डाव्या बाजूने चार बोटं खाली लोंबत असे आणि त्यामुळे ते नेहमी कुठेतरी वळायच्या बेतात असल्यासारखे दिसत.

नाकारलेल्याची समजूत घालण्याचा हा नाद कचेरीपुरता राहिला असता तर ठीक होतं. एकदा आम्ही दोघे नाशिकरोड स्टेशनवर उतरलो. तीन टांगेवाले धावून आले. साहेबांनी एक पसंत केला, मला त्यात बसवलं आणि स्वतः उरलेल्या दोघांकडे गेले. पहिल्याला म्हणाले, "तुमचा घोडा उत्तम आहे, पण उजवं चाक कुरकुरतं. एरंडेल सोडा, आसाला घट्ट ओंगण घाला." दुसऱ्याशी त्याच्या ओरडण्याच्या पट्टीबद्दल बोलणं सुरू झालं, ते संपेना. शेवटी तो चाचा हात जोडून म्हणाला, "साहब, मैं समझ गया. मेरा घोडा भी समझ गया. अब आप जाव!" तोवर आमच्या टांगेवाल्याने मला खाली उतरवून दुसरं गिऱ्हाईक भरलं होतं. आम्ही गावापर्यंत चालत आलो. वाटेत, आमचा टांगेवाला कुठे चुकला, यावर त्यांनी जे सांगितलं ते लिहून काढलं असतं तर मला आज पुस्तक छापायला वेगळा मजकूर लागला नसता.

एकदा मात्र विंचूरचा एक शेतकरी कांद्याची पिशवी आणि साहेबांचं पत्र घेऊन कचेरीत उभा राहिला.

"साहेब, ह्ये तुमीच लिवलं?"

"हो. काही चुकलं का त्यात?"

"चुकलं नाय. समदं खरंच हाय. पन पोरगं चार दिस धड जेवलं नाय, वो. लय लागलं त्याला." आणि पिशवी पुढे करून म्हणाला, "एखादं बरंबी लिवावं. काय तरी बरं असंलच की त्याच्यात."

साहेब त्या दिवशी एकही पत्र लिहू शकले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून पत्राचं पहिलं वाक्य स्तुतीचं, आणि तीही खरी, असा नियम झाला. खोटी स्तुती त्यांना लिहवेना, खरी सापडेना. एकेका उमेदवारात एक गुण शोधताना दुपार सरायची. अर्ज उजेडाला धरून पाहत, उलटा करून पाहत, हुंगूनही पाहत. काहीच हाती लागलं नाही तर शेवटी लिहीत, "आपल्या अर्जाची घडी उत्तम होती." आमच्या कचेरीत ते वाक्य इतकं मुरलं, की एखाद्याचं काही म्हणजे काही जमलं नाही की आम्ही कारकून एकमेकांना म्हणायचो, "घडी उत्तम हो!"

टपाल दुपारी तीनला येई. शिपाई आत शिरला की साहेब मान वर करीत. "मला काही?" शिपाई म्हणे, "नाही साहेब." मान खाली. एवढ्या पत्रांना कधी कोणाचं उत्तर आलं नाही. नाकारणाऱ्याला उलट टपाली कोण लिहितो? पण तीन वाजता ती मान वर व्हायचीच.

एकदा चहा पिताना मी विचारलं, हे खूळ शिरलं कुठून? म्हणाले, "अरे, पंचवीस वर्षांपूर्वी मीही उमेदवार होतो. लग्नाचा. सात ठिकाणी मुली पाहायला गेलो, सातही ठिकाणांहून एकच निरोप, पत्रिका जुळत नाही. पंचवटीतल्यांना तर मी पत्रिका पाठवलीच नव्हती!"

मी मोठ्याने हसलो. तेही हसले. मग कपात पाहत म्हणाले, "काय चुकलं एवढं सांगितलं असतं, तर आठव्या ठिकाणी सुधारून गेलो असतो. पुढे मग गेलोच नाही."

"काहीच चुकलं नसेल, साहेब."

"ते आळशी माणसाचं उत्तर आहे. काही चुकल्याशिवाय सात घरं नाही म्हणत नाहीत."

त्या दिवाळीत माझी मावशी नांदगावहून आली होती. फराळ करताना मी साहेबांच्या गोष्टी तिखटमीठ लावून सांगत होतो. टांग्यापर्यंत सगळे पोट धरून हसले. पण 'पंचवटीतल्यांना पत्रिका पाठवलीच नव्हती' असं म्हटलं आणि मावशीच्या हातातली चकली हातातच राहिली.

"काय रे," तिने हळूच विचारलं, "कोटाची बटणं अजून चुकतात का त्यांची?"

पंचवटीतलं ते घर माझ्या आजोबांचं होतं.

"मग आजोबांनी नकार का दिला? काय वाईट होतं?"

"काही नव्हतं रे. नांदगावचं दोन दिवस आधी ठरलं होतं. हे दारात येऊन उभे राहिले, अण्णांना तोंडावर सांगवेना. मग पत्रिकेवर ढकललं झालं." मग हातातली चकली ताटात ठेवून म्हणाली, "मी दाराआडून पाहिलं होतं. तो लोंबणारा कोट पाहून इतकं हसू आलं, पदराचा बोळा तोंडात घातला. वाईट नव्हते दिसायला."

पुढे मार्चअखेर साहेब निवृत्त होऊन त्र्यंबकला राहायला जायचे होते. शेवटच्या दिवशी तीन वाजता शिपायाच्या टपालात मी माझं पत्र घातलं. साहेबांनी मान वर केली. शिपाई म्हणाला, "आहे, साहेब."

मी त्यांच्याच पद्धतीने लिहिलं होतं. कागद: पत्रिका पाठवलीच नव्हती, सबब ती न जुळण्याचा प्रश्न नाही. माणूस: दोष आढळला नाही, मुलीचं लग्न दोन दिवस आधी ठरलं होतं आणि माझ्या आजोबांना ते सांगण्याचा धीर झाला नाही. कोटाची बटणं मात्र एक घर चुकली होती. ती गोष्ट माझ्या मावशीच्या अजून लक्षात आहे. आयुष्यात एवढं सलग खरं मी त्याआधी लिहिलं नव्हतं, आणि चाचरलोही नव्हतो.

त्यांनी दोनदा वाचलं. मग कागद उलटला. मागची बाजू कोरी होती.

"आणि पुढे काय?"

"ते सुचलं नाही, साहेब."

"हं." त्यांनी कागद पुन्हा सुलटा करून बटणांच्या ओळीवर बोट ठेवलं. "हसल्या होत्या का?"

"हो. पण बटणांना."

त्यांनी पत्र होतं तसं मिटलं, घडीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "घडी उत्तम घातली आहेस." मग मान खाली घालून कोटाची बटणं वरपासून एकेक काढली, आणि अगदी सावकाश, घर बघून बघून, पुन्हा लावायला लागले.