विरघळणाऱ्या सुईची वाट

“रड बापू, मोठ्यानं रड. मला शिव्या दे.” लस टोचून झाली की बाळाच्या दंडावर कापूस दाबत ती हमखास असे म्हणायची. आमच्या उपकेंद्राची कंत्राटी नर्स. अशी एखादी तुमच्याही गावात असेल. तिचा आवाज लांबून आला की पोरे खाटेखाली शिरतात. लसीच्या पेटीच्या पट्ट्याने तिच्या खांद्यावर काळसर चर पडला होता.

हिंगोली जिल्ह्यातल्या गोरेगावच्या पलीकडे मी शिकवते. आमच्या शाळेच्या व्हरांड्यात ती लसी द्यायची.

एका सकाळी तिथेच शहरातून एक साहेब आले. त्यांनी नखाएवढी पट्टी दाखवली. तिच्यावर डोळ्यांना जेमतेम जाणवाव्यात अशा सुया; कातडीत रुतायच्या, विरघळायच्या आणि औषध मागे ठेवून नाहीशा व्हायच्या. नमुन्यात औषध नव्हते. ती पट्टी त्यांनी आमच्या नर्सच्याच मनगटावर दाबली.

“दुखले?”

“न्हाई साहेब! मुंगी चालल्यावानी वाटलं.”

आयांनी टाळ्या वाजवल्या. ती हरखली. “आमच्याकडं कवा येईल?”

“लवकरच,” साहेब म्हणाले. फोटो निघाले. संशोधन अजून चालू आहे, वर्षे लागतील, हे सांगायचे मात्र राहून गेले.

पुढच्या वेळी व्हरांडा अर्धा रिकामा होता. ती दारोदार फिरली. मीही सोबत गेले.

“आमी पट्टीची वाट पाहून राहिलो, सिस्टर,” एक आई लेकीला पदराआड घेत म्हणाली. “तुमीच म्हनल्या, दुखत न्हाई.”

“अगं, गोवर थांबून राहिला का तुझ्या पट्टीसाठी? ती येईस्तोवर या लेकीचं लगीन व्हईल!”

आई हसली. दार लागले.

गोवर आला. त्या लेकीचा ताप उतरला, पण एका डोळ्यावर पांढुरके धुके कायमचे उतरले. त्या पट्टीवर माझा राग नाही. इतकी हळुवार वस्तू माणसाने घडवली, याचे मला अप्रूपच आहे. माझा राग त्या सैल, गुळगुळीत ‘लवकरच’वर आहे. आजही तो शब्द ऐकला की जिभेवर गंजाची चव येते.

नोटीस आली ती आमच्या नर्सला. ‘मातांचे मन वळविण्यात अपयश.’ कंत्राट संपले.

“दोष कबूल करून यावर सही का केलीत?” मी संतापून विचारले.

“मास्तरीणबाई, लेकराचा डोळा गेला. कुनीतरी सही कराया पायजे न?”

ती गाव सोडून निघाली त्या दिवशी हिंगोलीची जीप भरली होती. तेवढ्यात ती आई मुलीला कडेवर घेऊन धावत आली. नर्स जीपमधून खाली उतरली. मुलीचा चेहरा उजेडाकडे वळवून तिने धड डोळ्यासमोर बोट हळूहळू फिरवले. बुबुळ बोटामागे गेले.

“हा शाबूत हाय. याला जप.”

ड्रायव्हरने हॉर्न दाबून धरला. “चला की बाई, उशीर व्हतोय!”

मुलीच्या डोळ्यावरची नजर न काढता ती ओरडली, “थांब रे! या लेकरांसाठी इतकी वर्सं कुनाला घाई न्हवती, तुलाच काहून झाली?”