वायर तेवढी आत

“आडनाव काय गं तुझं?”

काकूंनी विचारलं तेव्हा माझ्या केसांत त्यांच्याच भिंतीचा चुना होता. राळेगावातलं दुमजली घर. फाटकावर कॅमेरा बसवायचा, त्याची रेकॉर्डिंगची पेटी आतल्या खोलीत. फाटकापासून वायर मी ओढली होती. भिंतीला भोक मी पाडलं होतं.

मी आडनाव सांगितलं. त्यांची नजर खाली माझ्या चपलांवर गेली.

“वायर तेवढी आत येऊ दे. तू थांब बाहेरच. देवघराला लागून खोली आहे ना.” मग निनादकडे वळून हसल्या. “तू ये रे बाळा. चहा टाकते.”

निनाद माझ्यासोबतच गजूभाऊंच्या कॅमेऱ्यांच्या दुकानात काम शिकत होता. त्याचे वडील कचेरीत साहेब. मी त्याच्यावर जळायचे. चर मी खोदायचे, पाइप मी पुरायचे आणि आठ रंगीत तारा ओळीनं लावून टोकाला जॅक बसवायची पकड कायम त्याच्या हातात. ती दाबल्याचा ‘कट्’ आवाज आला की मी हातातलं फावडं थांबवून बघायचे. फेकलेले तुकडे घरी नेऊन मी तारा लावत बसायचे.

त्या सकाळी गजूभाऊ म्हणाले होते, “आज जोड तू करजो वं. जमलं तं नेरच्या कामावर तुले एकटीले पाठवतो.”

आता मी शेजारी उभ्या गजूभाऊंकडे पाहिलं.

“जाऊ दे ना वं. गिऱ्हाईक हाय. निनाद करून टाकते. तू वायर सरकव.”

मी सरकवली. भोकातून निनादची बोटं दिसली. स्वच्छ. त्यांनी वायर धरली.

सकाळपासून ही वायर माझ्या हातात होती. माझा घाम तिला लागला होता. ती देवांच्या शेजारी चालली होती आणि घर बाटत नव्हतं. माझी मेहनत चालत होती. मी चालत नव्हते. जयंतीला वाटलेली समतेची पत्रकं मी लहानपणापासून पाठ म्हणायचे. त्या दिवशी ती तळहातात उतरली.

मी मूठ आवळली. पलीकडून ओढ आली.

“अगं, सोड ना!” निनाद ओरडला.

“जोड मी करीन. मी आत येत नसन, तं वायरबी येत नाही.”

“काहून तमाशा करून राह्यली?” गजूभाऊ.

“जरा जवळ केलं की ह्यांचं असंच...” काकूंनी वाक्य पुरं केलं नाही. गरज नव्हती.

आजचा जोड कुणाचा, हे निनादला माहीत होतं. एक शब्द पुरला असता. भोकातून मला दिसलं, त्यानं चहाचा कप उचलला.

मी वायर ओढली. अख्खी. मोकळ्या भोकातून उदबत्तीचा वास आला. वायर गुंडाळून गजूभाऊंच्या पायाशी ठेवली.

“उद्यापासून येऊ नोको,” ते म्हणाले.

नेरला निनाद गेला. एकटा.

हेवा वाईट, सोडून दे, असं लोक सांगतात. मी सोडलेला नाही. फक्त तो आता निनादच्या बोटांचा नाही. कुणी काही न विचारता त्याच्यासाठी जे दार उघडतं, त्या दाराचा आहे.

उरलेलं मी दुसरीकडे शिकले. आता पकड माझी आहे. कामावर गेले की आधी आतली खोली बघायला मागते. दार अडवलं, तर ड्रिल पिशवीतून निघत नाही.