पाठ न टेकणारा पैलवान

मिरजगावच्या बाजारात एके काळी श्रीमंत नावाच्या पैलवानाची पाठ हा बोलण्याचा विषय होता. पोट नव्हे, पाठ. पोटाबद्दल बोलायचं काय, पैलवान वळणावर दिसायच्या आधी ते दिसायचं. पाठीची गोष्ट वेगळी. आजूबाजूच्या कुस्तीच्या एकाही फडात त्या पाठीला माती लागली नाही, असं लोक छातीठोक सांगत. खरं विचाराल तर एकदा करमाळ्याकडच्या एका पोरानं लावली होती; पण ते पाहणारे बरेचसे गेले, आणि जे उरलेत त्यांना पैलवानाच्या घरचं जेवण आवडतं.

मोठ्या दुष्काळाच्या आदल्या वर्षी पैलवानाला पन्नाशी लागली. कुस्ती कधीच सुटली होती. जोर सुटले, बैठका सुटल्या, तालमीची पायरी सुटली. सुटला नाही तो खुराक. सकाळी म्हशीचं तांब्याभर दूध, दुपारी तुपात भिजलेल्या भाकरी, संध्याकाळी पुन्हा तेच, आणि मटणाचा वार असला तर विचारूच नका. बायको बनुबाई हे सगळं मोठ्या मानानं वाढायची. पैलवानाच्या बायकोची अब्रू नवऱ्याच्या ताटात असते, हे सासूनं तिला हळद उतरायच्या आत शिकवलं होतं.

अलीकडे मात्र चार पावलं टाकली की पैलवानाला धाप लागायची. ओट्याची पायरी चढताना तो मधेच थांबायचा आणि कुणाची तरी वाट बघतोय असा चेहरा करायचा. बोलता बोलता त्याचा डोळा लागायचा. जत्रेत त्याला पंच म्हणून बसवला, तर तोंडात शिट्टी धरूनच पेंगला. घोरण्यासरशी शिट्टी वाजली आणि आखाड्यातली जोडी भांबावून सुटी झाली. शेजारची लंकाबाई हा प्रसंग शिट्टीच्या आवाजासकट सांगते. ती त्या दिवशी माहेरी गेली होती, पण तेवढ्यानं तिचं काही अडत नाही.

आणि निजणं? पैलवान आडवा होतच नसे. भिंतीशी पोत्यांची थप्पी, थप्पीवर वाकळ, आणि वाकळेला रेलून बसल्या बसल्या झोप. गावानं त्याचाही अभिमानच धरला. "पैलवान हाय त्यो! झोपंत सुदिक पाठ टेकवीत न्हाई." पैलवान हे ऐकायचा आणि मिशीत हसायचा.

खरं काय ते एकट्या बनुबाईला ठाऊक होतं. तो आडवा झाला की छातीवर कुणी बसल्यासारखा हवेसाठी तोंड उघडायचा. बसून झोपला तरी घोरणं मधेच तुटायचं, श्वासही थांबायचा. तिनं खांदा हलवला की मोठा आचका देऊन परत सुरू. ती शेजारी बसून राहायची. आपला डोळा लागला आणि यांचा श्वास परत आलाच नाही तर? या एका भीतीनं तिची झोप कधीच पळाली होती. कुणाजवळ बोलावं, तर जो तो म्हणे, "अशक्तपना हाय, बनुबाई. खुराक वाढीव." पैलवानाचा तालमीतला जोडीदार भिमाजी तर डिंकाचे लाडूच घेऊन यायचा. मग धाप वाढली की तूप वाढे, आणि तूप वाढलं की धाप.

पाय सुजले तेव्हा मात्र तिनं नगरला मावशीकडं लग्न असल्याची थाप मारली आणि त्याला यष्टीत बसवलं. तिघांच्या बाकावर दोघं जेमतेम मावली. कंडक्टर कुस्तीचा शौकीन निघाला, म्हणून निभावलं.

डॉक्टर तरुण होता, काडीसारखा. त्यानं पैलवानाला उताणं निजवलं आणि लगेच हात देऊन बसवलं. मग बनुबाईकडं वळला.

"यांची फुप्फुसं वाईट नाहीत, बाई. त्यांना जागाच नाही. दाण्यांनी ठासलेल्या पोत्यात रिकामी पिशवी कोंबली आणि म्हटलं, फुग. तर ती फुगेल का? पोटातली चरबी खालून ढकलते, छातीवरची वरून दाबते. आडवं झालं की सगळा भार तिथंच येतो. झोपेत गळाही मिटतो. पुरती हवा आत जात नाही, म्हणून दिवसा पेंग आणि म्हणून ही सूज."

"मंग औषिद?"

"सुजेला गोळ्या देतो. बाकीचं औषध तुमच्या हातात आहे. ताट कमी करा आणि यांना हळूहळू चालतं करा."

"ह्यो काडीपैलवान मला शिकवतोय!" असं पुटपुटत पैलवान बाहेर आला आणि यष्टीत बसताच घोरू लागला. बनुबाई वाटभर आपल्या हातांकडं बघत होती. ते पोतं कुणी ठासलं? आपण. मायेनं, मूठ मूठ करून, याच हातांनी.

दुसऱ्या दिवशी ताटात एक भाकरी, पालेभाजी आणि ताक आलं. पैलवानानं ताटाकडं बघितलं, मग तिच्याकडं.

"बाकीचं?"

"एवढंच."

"म्हातारा झालो म्हून व्हय गं? पैलवानाच्या म्होरं असलं ताट?"

"अवं, तुमी मोठं दिसावं म्हून आजवर वाढलं," बनुबाई म्हणाली. "आता तुमी ऱ्हावं म्हून वाढीत न्हाई."

त्याला ते कळलं की नाही कोण जाणे. हात न धुताच तो उठला आणि काठी घेऊन बाहेर पडला. कुठं गेला हे शोधायची गरज नव्हती. लंकाबाईनं दारातूनच कळवलं, "भिमाजीच्या वस्तीवर कोंबडं कापलंय म्हनं!"

बनुबाई गेली. भिमाजीच्या अंगणात पैलवान छपराच्या मेढीला टेकून तंगडी चघळत होता.

"वैनी," भिमाजी म्हणाला, "पैलवानाला उपाशी मारता व्हय? गाव काय म्हनंल?"

परपुरुषासमोर कधी चार शब्द न बोललेली बाई पदर खोचून उभी राहिली. "भाऊजी, तुमी यांला कवा चीत केलं का?"

"एकदा बी न्हाई. नाथाची आन."

"मंग आज करा. उतानं निजवा त्या बाजेवर. तुमचं पान खाऊन होईस्तवर पाठ टेकवून ऱ्हायलं, तर तुपाचा डबा मी सोता आनून देते."

पैलवान हसला. हट्टाला पेटून बाजेवर गेला आणि आडवा झाला. पहिल्यांदा मिशीतलं हसू टिकलं. मग ते गेलं. ओठ काळसर पडू लागले, हात हवेत काहीतरी धरू पाहू लागले. भिमाजीनं पान थुंकलं आणि धावला. काखेत हात घालून त्यानं तो डोंगर उचलून बसवला आणि आपल्या छातीशी धरून ठेवला.

"आरं गड्या... आरं श्रीमंता..."

बराच वेळ पैलवान नुसता श्वास घेत होता. मग खाली मान घालून म्हणाला, "लई दिस झालं, भिमा. पाठ टेकवत न्हाई असं लोकं म्हनायची, म्हून बरं वाटायचं. सांगायची लाज वाटली."

कोंबड्याचं ताट भिमाजीनं स्वतः उचललं.

तेव्हापासून रोज उजाडता भिमाजी दारात हजर. "चला नवरदेव, वरात निघाली!" म्हणत तो पैलवानाला चालवायचा, आधी विहिरीपर्यंत, मग मारुतीपर्यंत, पुढं नगर रस्त्यानं. वाटेत भांडणं व्हायची, रुसवे व्हायचे. एकदा पैलवान लंकाबाईच्या चुलीपुढं थालीपीठ खाताना सापडला. "वासानं आला, मी काय आवतान धाडलं हुतं?" लंकाबाई फणकारली, पण तव्यावर दुसरं होतं, ते बनुबाईनं बघितलं. गावात कुजबुज झाली, बनुबाई चिक्कू झाली म्हणून. तिनं ती गिळली. पोळा गेला, दसरा गेला. पोट होतंच, पण आता वळणावर पैलवान आणि पोट बरोबरच दिसू लागले.

संक्रांत झाल्यावर एका दुपारी बनुबाई अंगणात तूर निवडत होती. आत सामसूम होती. घोरणं नाही, आचका नाही, काही नाही. तिच्या हातातलं सूप पडलं. ती आत धावली.

पैलवान थप्पीवरून घसरून खाली घोंगडीवर आला होता. उताणा. पाठ पुरती भुईला टेकलेली, तळहात लहान मुलासारखे उघडे. तिनं हाताची मागची बाजू त्याच्या नाकाशी नेली. ऊन श्वास लागला, जरा थांबून दुसरा, मग तिसरा. ती तिथंच बसली.

लंकाबाई दारात उगवली. "काय पडलं गं? अगं बया! पैलवान चीत? कुनी केला?"

"हळू, आत्याबाई. निजलंत."

ही बातमी तिन्हीसांजेपर्यंत सगळ्या बाजारात जाणार होती आणि गेलीही. पण त्या घडीला लंकाबाईनं जन्मात पहिल्यांदा तोंड मिटलं. कारण बनुबाईनं घोंगडीच्या कडेला डोकं टेकलं होतं, आणि तिचा डोळा लागला होता. बाहेर कोंबड्या तुरीत शिरल्या. लंकाबाई दबक्या पावलांनी अंगणात गेली आणि आवाज न करता, नुसत्या पदरानं त्यांना हाकू लागली.