पवनारचं टेस्टिंग

घ्या, चहा घ्या आधी. चहाच आहे, घाबरू नका. आजकाल आमच्या घरी काहीही प्यायला दिलं की माणसं पेल्यात दोनदा डोकावून बघतात, आणि त्याला कारण मीच आहे. आता दुसऱ्या कुणी तिखटमीठ लावून सांगण्यापेक्षा माझी फजिती मीच सांगतो. निदान काय आधी घडलं आणि काय नंतर, एवढं तरी नीट कळेल.

मी पवनारचाच. देवळीच्या एका जिनिंगमध्ये कापसाच्या गाठींवर देखरेख करत केस पांढरे केले आणि घरी बसलो. बसलो म्हणजे काय, गावानं लगेच व्यसनमुक्ती समितीचं अध्यक्ष केलं. आमचा वर्धा जिल्हा दारूबंदीचा, हे तुम्हाला माहीत असेलच. इथे दारू मिळत नाही. म्हणजे मिळू नये असं ठरलेलं आहे. ठरलेलं आणि घडणारं यांच्यात जी थोडी फट राहते, ती बुजवायला आमची समिती. मी स्वतः जन्मात थेंब चाखलेला नाही. खोकल्याचं औषधसुद्धा बाटलीवरचं बारीक अक्षर वाचून मगच घेतो, असा माझा लौकिक.

तर काही वर्षांपूर्वी दिवाळीआधी मुलीनं आम्हा दोघांना नाशिककडे फिरायला नेलं. द्राक्षमळ्यांच्या मधोमध एक जुनं गाव. दगडी वेस, चिरेबंदी घरं, आणि त्यातली निम्मी घरं पाहुण्यांना राहायला दिलेली. आम्ही तशाच एका घरात उतरलो. माझी बायको सुमन पहिल्याच सकाळी म्हणाली, घरच्या वरच्या दोन खोल्या रिकाम्या ठेवून लोकांच्या घरी झोपायला एवढ्या लांब काऊन आलो आपण? मी म्हटलं, गप्प बस, हवापालट आहे.

संध्याकाळी त्या घराच्या मालकीणबाईंनी सगळ्या पाहुण्यांना अंगणात बसवलं. म्हणाल्या, टेस्टिंग आहे. मी लगेच माझी ओळख करून दिली, अध्यक्षपदासकट, आणि दारूच्या दुष्परिणामांवर थोडं बोललोही. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि माझ्यापुढे द्राक्षाचा रस ठेवला. पण खरं सांगू? तो थाट पाहून मी हरखलो. पेला दांड्याला धरायचा. गोल फिरवायचा. उजेडात बघायचा. नाक आत घालून हुंगायचं. मग एक घोट घेऊन डोळे मिटायचे. आणि बाई सांगणार, हा कुठल्या मळ्याचा, किती मुरलेला, जिभेवर मागाहून काय लागतं. साधा घोटभर माल, पण त्याच्यामागे केवढी गोष्ट!

परतीच्या प्रवासात मी ठरवून टाकलं. आपलं घर धाम नदीच्या काठावर. वरच्या खोल्यांच्या खिडकीतून नदीतले काळे खडक दिसतात, थंडीत पाण्यावर धुकं असतं. आमच्या गावचा आश्रम बघायला माणसं येतातच, ती वर्ध्याला जाऊन का राहावीत? मुलीनं फोटो काढून आमचं घर इंटरनेटवर टाकलं आणि आम्ही होमस्टेवाले झालो.

पाहुणे येऊ लागले. सुमनच्या हातची ज्वारीची भाकर, झुणका, वांग्याची भाजी खाऊन खूश होऊन जात. पण माझ्या मनात ते टेस्टिंग घर करून बसलेलं. आपल्याकडे द्राक्षं नाहीत, असतीही तरी काय उपयोग. मग डोक्यात उजेड पडला तो अंबाडीचा. आमच्या कापसाच्या वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, लाल अंबाडी लागते. तिच्या बोंडांचं सरबत सुमन दरवर्षी करते. रंग कसा, तर त्या नाशिकच्या पेल्यातल्यापेक्षा एक छटा जास्तच लाल.

सुमन सरबत सकाळी करायची आणि संध्याकाळपर्यंत संपवायची. त्यात गोष्ट कुठली सांगणार? मी म्हटलं, हे मुरवलं पाहिजे. तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू जिनिंगमधल्या गाठींनी मेंदूवर परिणाम केला असावा.

"अवो, लोणचं मुरते. सरबत नासते," ती म्हणाली.

मी ऐकतो होय? मोठ्या चिनी मातीच्या बरण्या काढल्या, बोंडांचा अर्क, भरपूर गूळ आणि पाणी घातलं, तोंडाला फडकं बांधलं आणि न्हाणीघरात पाण्याच्या बंबाशेजारी उबेला ठेवून दिल्या. काही दिवसांनी फडकं काढलं तर वर बारीक बुडबुडे. मी सुमनला बोलावून दाखवलं, बघ, सरबत जिवंत आहे. ती म्हणाली, मले तर आंबूस वास येऊन राह्यला, मी काई प्यायची नाई. मी म्हटलं, ही मुरलेली चव आहे, तिला समज लागते.

रोज संध्याकाळी मी एक पेला घेऊ लागलो. चव कुठवर आली हे बघायला नको का? आणि काय सांगू, गुण यायला लागला. डावा गुडघा दुखायचा थांबला. नदी जास्त सुंदर दिसू लागली. शाळेत पाठ केलेल्या कविता आठवू लागल्या, त्या मी गच्चीवरून मोठ्यानं म्हणू लागलो. सुमन एकदा म्हणाली, तुमी आजकाल दिवस मावळला का लय गोड बोलून राह्यले. मी म्हटलं, अंबाडी रक्त वाढवते.

मग पाहुण्यांसाठी टेस्टिंग सुरू केलं. गच्चीवर सतरंजी, काचेचे दांड्याचे पेले, समोर धाम. मी सगळं त्या नाशिकच्या बाईंसारखं सांगायचो. काळी माती, धुऱ्यावरची अंबाडी, आमच्या आजोबांच्या वेळची पद्धत. आजोबांच्या वेळी अशी काही पद्धत नव्हती, पण पाहुण्यांना आजोबा आवडतात. नागपूरचं एक जोडपं आलं होतं. नवरा दुपारभर मोबाईलमध्ये तोंड घालून बसलेला. टेस्टिंग झाल्यावर तो बायकोला लग्नाआधीच्या आठवणी सांगायला लागला आणि मुक्काम एक दिवस वाढवून गेला. बाईंनी इंटरनेटवर लिहिलं, काकांच्या सरबतात काय जादू आहे कोण जाणे, कित्येक वर्षांनी नवरा माझ्याशी बोलला. मी ते वाचून चार जणांना ऐकवलं.

इथवर थांबलो असतो तर घरातलं घरात राहिलं असतं. पण मी समितीची बैठक गच्चीवर घेतली.

आमचे सचिव गजाननभाऊ. फार कडक माणूस. वाटेनं जाणाऱ्या माणसानं सकाळी घेतली की रात्री, हे त्यांना दहा हातांवरून कळतं अशी त्यांची ख्याती. पण व्यसनमुक्तीच्या अध्यक्षाच्या घरी कोण नाक लावून पिणार? त्यांनी पहिला पेला औषधासारखा घेतला, दुसरा मागून घेतला, तिसरा स्वतः ओतून घेतला. त्या दिवसासारखी बैठक आमच्या समितीत ना आधी झाली ना नंतर. ज्या दोन सभासदांचं शेतातल्या पाइपलाइनच्या भांडणावरून बोलणं बंद होतं, ते एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून बसले. गजाननभाऊ चक्क हसले. आणि शेवटी त्यांनीच ठराव मांडला, की पुढच्या रविवारी चौकात जो व्यसनमुक्तीचा मेळावा आहे, तिथे शाळेच्या पोरांना आणि गावाला चहाऐवजी अध्यक्षांचं हे आरोग्यदायी सरबत द्यायचं. ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर. सगळ्यात जोरात टाळ्या माझ्याच.

रविवार उजाडला. बरण्या ऑटोत घालून चौकात पाठवल्या. मी भाषणाची तयारी करून, इस्त्रीचा सदरा घालून निघणार, तेवढ्यात नाशिकहून पाहुणे आले. रेवती नावाची एक तिशीतली मुलगी आणि तिचा नवरा. नाशिक म्हटल्यावर मला चेव चढला. घरी एक तांब्या सरबत ठेवलेलं होतं. म्हटलं, मेळाव्याला जाण्याआधी तुम्हाला आमचं टेस्टिंग दाखवतोच.

रेवतीनं पेला बरोबर दांड्याला धरला, फिरवला, नाकाशी नेला आणि तिथेच थांबली. मग अगदी छोटा घोट घेतला. नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्यानं हुंगून पाहिलं आणि पेला हळूच खाली ठेवला.

"काका," ती म्हणाली, "हे किती दिवस ठेवलंय?"

मी छाती काढून म्हटलं, महिना उलटून गेला, बंबाच्या उबेला, आजोबांच्या पद्धतीनं. तिनं विचारलं, गूळ घातला होता का? मी म्हटलं, भरपूर. तेव्हा ती मला समजावू लागली. ती तिकडच्या एका वायनरीत कामाला होती, दिवसभर हेच हुंगणं तिचं काम. साखर, पाणी आणि ऊब एकत्र आली की त्यात काय तयार होतं, ते तिनं फार सांभाळून सांगितलं. शेवटी म्हणाली, ही वाइन आहे काका. जरा कच्ची आहे, पण आहे.

मला हसूच आलं. मी म्हटलं, ताई, शक्यच नाही. आमचा जिल्हा दारूबंदीचा आहे.

"ते जिल्ह्याला माहीत आहे काका. गुळाला माहीत नाही."

मी तरी ऐकेना. तेव्हा तिनं विचारलं, हे प्यायल्यावर तुम्हाला कसं वाटतं? मी म्हटलं, कसं म्हणजे, उत्तम. गुडघा दुखत नाही, नदी सुंदर दिसते, कविता आठवतात, जगातल्या सगळ्या माणसांविषयी प्रेम दाटून येतं आणि...

आणि मी बोलता बोलता खाली बसलो.

सुमन दारात उभी होती. तिनं माझ्या चपला आणून पुढे ठेवल्या.

मी चौकाकडे पळालो. गुडघा दुखत होता, आणि का दुखतोय हेही आता कळत होतं. चौकात मांडव भरलेला. पोरं ओळीनं बसलेली, हातात रिकामे ग्लास. गजाननभाऊ माईकवर. मांडवाच्या कडेला वाढपी सरबत जगमध्ये ओतून घेत होते आणि आधी स्वतः चव बघत होते. मी ओरडलो, थांबा, कोणी पिऊ नका. सगळा मांडव माझ्याकडे वळला. खरं तोंडातून निघेना. जे सुचलं ते बोलून गेलो. म्हटलं, सरबतात पाल पडली.

माझ्या मते हे उत्तर चांगलं होतं. गजाननभाऊंनी माईकवरूनच विचारलं, कोणत्या बरणीत? मी म्हटलं, सगळ्यांत. म्हणजे किती पाली पडल्या, असं कोणीतरी विचारलं, पण त्याचं उत्तर द्यायला वेळच मिळाला नाही. कारण ज्या वाढप्यांनी चव बघितली होती, त्यांतल्या एकानं घशात बोटं घातली. दुसऱ्याला गरगरायला लागलं. त्याची आई रडत धावत आली. पोलीस पाटलांनी दवाखान्यात न्यायला ऑटो बोलावला, कोणी मिठाचं पाणी आणा म्हणून हाका मारू लागलं. आणि तो गरगरणारा पोरगा मला विचारतो, भाऊ, मी वाचतो ना?

आता काय करणार? मी मंचावर चढलो. गजाननभाऊंच्या हातातून माईक घेतला. समोर अख्खं गाव, मागे कापडावर मोठ्या अक्षरात व्यसनमुक्ती मेळावा.

"पाल नाई पडली," मी म्हटलं. "ते सरबत नाई. दारू हाय. मीच बनवली."

मग मी सगळं सांगितलं. बंब, गूळ, बुडबुडे, रोजचा पेला, गच्चीवरच्या कविता. माहीत नव्हतं म्हणालो. ते खरंच होतं, पण सांगताना मलाच खोटं वाटत होतं. पहिल्यांदा हसली ती त्या वाढप्याची आई. मग मांडव हसला. पोरगा उठून बसला, त्याची गरगर तिथल्या तिथे गेली. पोलीस पाटलांनी तोंडावर रुमाल धरून बरण्या नालीत ओतवल्या. रुमाल वासासाठी होता की हसू लपवायला, ते मी विचारलं नाही.

एकटे गजाननभाऊ तेवढे हसले नाहीत. मला बाजूला घेऊन त्यांनी अगदी हळू आवाजात विचारलं, म्हणजे त्या दिवशी गच्चीवर मी तीन पेले... मी मान हलवली. त्यांनी एकदा नालीकडे पाहिलं. म्हणाले, मले वाटलं, आपली समितीच सुधारली.

मी राजीनामा दिला. समितीनं तो घेतला नाही, कारण माझ्या जागी बसायला कोणी तयार होईना. होमस्टे चालू आहे. टेस्टिंग बंद. पाहुण्यांना सुमन सकाळचं ताजं सरबत देते, आणि आमची रेवती दर थंडीत येऊन ते हुंगून पास करते.

पण खरी गंमत पुढे झाली. इतकी वर्षं मी दारूवर बोललो, लोक जांभया द्यायचे. आता गावोगावहून बोलावणी येतात. मला आपली कीर्ती पसरली असं वाटत होतं. परवा देवळीला गेलो, तर माझी ओळख करून देणारा म्हणाला, आजचे वक्ते स्वतः रोज घ्यायचे, आणि त्यांनी निर्धारानं सोडली आहे. मी खुलासा करायला उठलो, पण टाळ्याच थांबेनात. मग तसाच बोललो. माणसं एकाग्र होऊन ऐकत होती, काहींचे डोळे ओले झाले. सभा संपल्यावर एक म्हातारा गर्दीतून वाट काढत आला. माझे दोन्ही हात धरले. म्हणाला, तुमचं ऐकून मनाले लागलं, मी पण सोडणार. इतक्या वर्षांत माझ्या भाषणानं सुटलेला हा पहिला माणूस. मी त्याला जवळ घेतलं.

त्यानं इकडेतिकडे पाहिलं आणि माझ्या कानाशी तोंड आणलं.

"सोडतो भाऊ, नक्की सोडतो. पन पयले मले सांगा, एका बरणीले गूळ किती घालाचा?"